उजव्या कानातला माग

आधीच सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको — या सदरात येतात तसल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आजही नाही. सगळी नोकरी नागपुरात नर्स म्हणून केली. वॉर्डात माणसं जाताना पाहिली, त्यांचे डोळे मिटले, त्यांचं अंग पुसलं... एकजणही परत येऊन मला काही म्हणाला नाही. कुणी चिंचेखाली बाई दिसली म्हणून सांगायला लागलं, की मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघते. मैत्रिणी म्हणतात, शांताला भूत भेटलंच तर तेच बिचारं "इंजेक्शन नको" म्हणून पळेल. असो.

तरी हे लिहितेय, कारण ही गोष्ट भुताची नाही, कानाची आहे. आणि कान म्हणजे माझं रोजचं काम. कान-नाक-घशाच्या वॉर्डात मी इतकी वर्षं काढली की लोकांचे चेहरे विसरले, कान लक्षात राहिले! त्यातला एक कान माझ्या बाबांचा.

सन पंचावन्नच्या आसपासची गोष्ट. नागपूर तेव्हा अजून मध्य प्रदेशाची राजधानी होतं. आम्ही पाचपावलीत राहायचो. जातीनं कोष्टी, पण आमच्या घरात माग उरला नव्हता. बाबा मिलच्या विणाई खात्यात होते, माय शेजारच्या मागवाल्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायची, आणि मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर. आमच्या गल्लीतून नर्स व्हायला गेलेली पहिली मुलगी मीच, त्यामुळे नाक तेव्हापासूनच वर असायचं.

माग का उरला नव्हता, ते आधी सांगायला हवं. बाबा आणि माझे काका — श्रावणकाका, बाबांपेक्षा लहान — दोघं मिळून करवती काठाचं, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या काठाचं कापड विणायचे. हे काम एकट्याचं नसतं. दोन काठांचे दोन धोटे, मधल्या टसर रेशमाचा एक, आणि प्रत्येक फेरीत काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा. त्यामुळे मागाच्या खड्ड्यात, जिथे पायानं पावड्या दाबायच्या असतात, दोन माणसं शेजारी शेजारी बसतात. बाबा डावीकडे, काका त्यांच्या उजवीकडे, अशी जोडी लहानपणापासून जमलेली. पुढे बाबांनी मिल धरली. काका म्हणाले, "तू उठला का करवत बंद झाली, दादा. मी एकटा काय साधी सोवळी धोतरं विणू?" बाबा म्हणाले, पोरांना शिकवायचं आहे. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटलं नाही. काकांनी माग सुटा करून बैलबंडीत घातला आणि सासुरवाडीला, खाप्याला निघून गेले. त्यानंतर ना येणं ना जाणं. कुणाकडून निरोप गेला तर काका तो ऐकूनही घेत नसत.

आता कान. बाबांचा उजवा कान लहानपणापासून अधूनमधून वाहायचा. त्यात मिलचा आवाज! विणाई खात्यात शेजारच्या माणसाशीही ओठांवरून बोलावं लागतं. बाकीचे कामगार कानात सुताचा बोळा कोंबत. पण आमचे बाबा पडले करवतीवाले. मिलचं सूत त्यांच्या कानाला चालेना! "सूत गरम पडते वं कानाले, कोशाचं रेशीम थंड असते," असं म्हणून ते टसरच्या गुंत्याचा बोळा करत, तेलात भिजवत आणि उजव्या कानात सारत. तो काढताना तुटायचा, थोडा आत राहायचा. दुसऱ्या दिवशी त्यावर नवा. अशी ही थंडाई वर्षानुवर्षं चालली होती.

एका सुटीला घरी आले तर त्यांच्या जवळ बसवेना, इतका वास. टॉर्च लावून बघितलं. कानाच्या तोंडाशी डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, ओलं काहीतरी चमकत होतं. कापसाच्या काडीनं नुसता स्पर्श केला तर रक्त आलं.

इथे माझ्यातली नर्स जागी होते, वाचकांनी चालवून घ्यावं. कानाच्या नळीत दोन तऱ्हेची वाढ दिसते. एक हाडाची — पांढरट, टणक, बोटाला दगडासारखी लागणारी. थंडीत तळ्यात उतरून शिंगाडे काढणाऱ्या ढिवरांच्या कानात मी ती पाहिली आहे. वर्षानुवर्षं गार पाणी कानात गेलं की नळीचं हाड फुगत जातं. ती वाढ बहुधा निरुपद्रवी, नळी बंद झाली तरच कोरून काढायची. दुसरी मांसाची — लाल, मऊ, हात लावला की रक्त येणारी. ही जुन्या वाहत्या कानात होते, किंवा आत काही अडकून कुजत राहिलं तर होते. कान जड होतो, ऐकू येत नाही, घाण पाणी येतं, चक्कर येते, आवाज येतात. ही कधीही घरी ओढून काढू नये. वरून दाणा दिसतो, पण त्याचं मूळ कुठं आहे ते दिसत नाही. आणि कानात काडी, तेल, लसूण, बोळा, केसांची पिन... कृपा करून काहीही घालू नका. झालं, आता पुढे.

मी बाबांना जवळजवळ ओढतच डॉक्टर गोऱ्यांकडे नेलं. आमच्या वॉर्डाचे सर्जन. रामदासपेठेत त्यांचा दवाखाना होता. शांत माणूस. त्यांनी कान साफ केला, आरसा लावून बघितलं आणि म्हणाले, "मांस वाढलंय. तारेच्या फासानं काढू, बुडाला औषध लावून जाळू. आत हाड खराब नसेल तर एवढ्यावर भागेल."

बाबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वास येते, मान्य. ऐकू येत नाही, तेही मान्य. पण कापाचं नाही."

"का बरं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "त्यात आमच्या श्रावणचा माग हाय."

मला तर लाजेनं मेल्यासारखं झालं. ज्यांच्या हाताखाली शिकायचं त्यांच्यासमोर आपला बाप हे बोलतोय! पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नीट विचारलं आणि बाबांनी नीट सांगितलं. कान बंद झाल्यापासून त्यात माग चालतो. सकाळी सुरू होतो. दुपारी जेवायची वेळ झाली की थांबतो, मग पुन्हा चालतो, दिवेलागणीला बंद. "रातभर काही नाही. आणि श्रावणचाच हाय. त्याचा हात मी काय वळखत नाही?"

डॉक्टर म्हणाले, "या मांसात रक्त खेळतं. त्याचे ठोके तुम्हाला ऐकू येतात. तुम्ही विणकर, म्हणून तो माग वाटतो. तबलजी असता तर ठेका वाटला असता."

किती सोपं, किती बरोबर! मी मान डोलावली. आणि बाबांना गप्प करावं म्हणून मीच म्हटलं, "ऐकू येऊन राहिलं ना आता? मग वाजवून दाखवा." त्यांचं डावं मनगट मी धरलं, नाडीवर बोटं ठेवली, आणि उजव्या हाताच्या बोटानं ते टेबलावर ठोके देऊ लागले.

नाडी अगदी सरळ चालली होती. बोट मात्र लंगडत होतं. एक ठोक ठसठशीत, आणि दुसरा जरा रेंगाळून, हलका. ठक्... ठुक्. ठक्... ठुक्. नाडीशी त्याचा काही मेळ नव्हता. मी परत परत पाहिलं. डॉक्टरांनीही नाडी धरून पाहिली. मग त्यांनी रबरी नळीचं एक टोक बाबांच्या कानात आणि दुसरं स्वतःच्या कानात घातलं. त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

बाबा आपल्याच तंद्रीत होते. "पावडीची एक दोरी ढिली झाली त्याची. एक ठोक बराबर पडते, दुसरा मागून येते. केव्हापासून ऐकून राहिलो... दोरी बदलत नाही लेकाचा!" त्या बोलण्यात इतका खराखुरा वैताग होता की मला हसू आलं.

हॉस्टेलवर आल्यावर मात्र एक गोष्ट टोचत राहिली. कानात आवाज येणाऱ्या पेशंटांना तो रात्री जास्त छळतो, कारण भोवती सामसूम असते. बाबांचा आवाज दिवसा, मिलच्या गोंगाटातही यायचा आणि रात्री गप्प व्हायचा. हे पुस्तकाच्या उलट होतं. मी डॉक्टरांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "मनाचे खेळ असतात, सिस्टर. पण ऑपरेशन टाळू देऊ नका."

पुढच्या रविवारी घरी गेले तर बाबा अंगणात येरझारा घालत होते. मला पाहताच म्हणाले, "पाहून दे वं पोरी, गळून पडलं का ते?" टॉर्च लावून बघितलं, मांस होतं तिथेच. थोड्या वेळानं पुन्हा तेच. "सकाळपासून माग बंद हाय. असा कधी राहत नाही." दिवसभर त्यांनी मला भंडावून सोडलं, जेवलेही नाहीत. संध्याकाळी चूळ भरताना पाणी त्यांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून शर्टावर सांडलं. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. उजवा डोळा पूर्ण मिटेना.

मायला काही कळलं नव्हतं, पण मला कळलं होतं. तोंड वाकडं व्हायला लागलं म्हणजे कुजणं हाडात शिरून चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं — आता नुसता फास पुरणार नाही, कानामागचं हाड उघडावं लागेल, तेही याच आठवड्यात. इथून मेंदू लांब नाही.

मी बाबांच्या हातापाया पडले, ओरडले, मायनं डोळ्यांना पदर लावून रडून घेतलं. बाबा हलले नाहीत. माग पुन्हा सुरू झाला होता म्हणे, आणि म्हणून चेहरा वाकडा झालेला माणूस खुशीत होता! म्हणाले, "तो माह्याशी बोलत नाही. लग्नाकार्यात येत नाही. मेला का जगला, कोणी सांगत नाही. हा एक आवाज हाय माह्यापाशी. तो बी तुह्या डॉक्टरच्या हाती देऊ?"

मला राग आला. हे बाबा कधी बोलले नव्हते. आम्हाला वाटायचं, ते भाऊ विसरून गेलेत.

मेट्रनकडून एक दिवसाची सुटी मागून मी खाप्याला निघाले. खरं-खोटं करायला नव्हे, एवढं लक्षात घ्या. माझं गणित साधं होतं — बाबा आमचं ऐकत नाहीत, काकांचं ऐकतील. सावनेरपर्यंत मोटार, पुढे एका बंडीवाल्याच्या मेहरबानीनं गाव गाठलं. कन्हान नदीच्या बाजूला कोष्ट्यांची आळी आहे, तिथे घर विचारत चालले होते. माग सगळ्याच घरांत चालू होते, त्यात विशेष काही नाही.

आणि एका दारासमोर माझे पाय थांबले.

ठक्... ठुक्. ठक्... ठुक्.

भर दुपार, डोक्यावर ऊन. टेबलावर वाजलेलं बाबांचं बोट आणि आतला माग यांत तसूभर फरक नव्हता. कुणाला घर विचारायची गरजच उरली नाही.

आत काका मागावर होते. "कोण वं? शांता? एवढी मोठी झाली?" मग लगेच चेहरा आवळून घेतला. "दादानं पाठवलं?"

"नाही काका. मी माह्या मनानं आली." एवढं म्हणून मी आधी खड्ड्यात वाकून पावड्यांकडे पाहिलं. वेड्यासारखं वाटलं असेल त्यांना. दोन्ही दोऱ्या नव्या, घट्ट, सारख्या मापाच्या. म्हटलं, चला, बाबा चुकले! आणि तेवढ्यात काका हातावर जोर देऊन वर चढले. त्यांचा डावा पाय आखूड होता.

नदीच्या दरडीवरून पडले होते, काकूनं सांगितलं. आम्हाला सोडून आल्यानंतरची गोष्ट. गावातल्या माणसानं हाड बसवलं ते वाकडं जुळलं. त्या पायानं पावडी दाबायला वेळ लागे आणि जोरही येत नसे. "नागपुराले कळवाचं नाही, अशी शपथ घातली होती तुह्या काकानं," काकू म्हणाली. "कळलं असतं तं दादा धावत आले असते, आणि ह्याले तेच नोको होतं."

मी सगळं सांगितलं. कान, मांस, वाकडं तोंड, ऑपरेशन, आणि बाबा का नाही म्हणतात तेही. काका मागाच्या लाकडावरून हात फिरवत राहिले. मग एकदम म्हणाले, "मांगच्या आइतवारी मी मागावर बसलोच नाही. सावनेरले तेरवीले गेलो होतो. त्या दिवशी दादाले..."

मी म्हटलं, "दिवसभर जेवले नाहीत, काका."

काकांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि काकूला म्हणाले, "माहा सदरा दे."

आम्ही पाचपावलीत पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बाबा बाजेवर डाव्या कुशीवर, दाराकडे पाठ करून निजले होते. डावा, म्हणजे चांगला कान उशीत. माय काही बोलणार तोच काकांनी तिला खूण केली आणि ते ओसरीच्या फरशीवरून बाजेकडे निघाले. एक पाय भारी, एक हलका.

बाबा न वळता म्हणाले, "श्रावण?"

मग ते उठून बसले. त्यांनी भावाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "दोरी नव्हती का मग?"

"नाही दादा. पाय व्हता."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू काहून नाही आला पाहाले?"

म्हातारे नव्हते हो ते, चांगले कर्ते पुरुष, पण लहान पोरांसारखे रडले. मी आणि माय चुलीपाशी जाऊन उभ्या राहिलो. शेवटी काकांचा आवाज आला, "उद्या दवाखान्यात जाऊ. कान देऊन टाक तो." बाबा म्हणाले, "मग तुहा माग?" काका चिडूनच म्हणाले, "माग कुठं जाऊन राहिला गा? येऊन बस ना त्याच्यावर!"

ऑपरेशन डॉक्टर गोऱ्यांनी केलं, मी थिएटरच्या दाराशी होते. मांस निघालं. त्याच्या बुडाशी, नळीच्या तळाला, टसरचा काळा पडलेला गोळा निघाला. त्यामागे हाड कुजलेलं होतं, ते सगळं कोरून साफ केलं. पेनिसिलिन सुरू झालं. उशीर झाला असता तर काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तोंड पुढे हळूहळू सरळ झालं, डोळा मिटायला लागला. उजव्या कानानं ऐकणं मात्र गेलं ते गेलंच. आणि माग बंद झाला. काका खाप्याला जाऊन कामाला लागले तरी बाबांना पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही.

मी पुष्कळ डोकं चालवलंय. लोक म्हणतात, मिलमध्ये खाप्याचा कुणी असेल, त्यानं काका लंगडे झाल्याचं सांगितलं असेल. मग बाबांना पाय ठाऊक असता. ते तर दोरीला शिव्या देत होते! त्यांना फक्त आवाज ठाऊक होता, कारण नाही. डॉक्टर गोऱ्यांना मी खाप्याचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, केसपेपरवर मी 'कानात आवाज' एवढंच लिहिलंय. त्यापुढे मला लिहिता येत नाही." मलाही येत नाही. पुढे मी शेकडो असे कान पाहिले, प्रत्येक पेशंटला आवाज कसा येतो ते विचारलं. शिट्टी, समुद्र, रातकिडे... माग कुणाच्या कानात नव्हता.

पट्टी सुटल्यावर बाबा सुटी काढून खाप्याला गेले, सोबत मी. काकांनी करवतीचा ताणा चढवून ठेवला होता. दोघं खड्ड्यात उतरले, बाबा डावीकडे, काका उजवीकडे. पहिल्या काही फेऱ्या चुकल्या. मग बाबांनी आपला हात काकांच्या हळू पायासाठी थांबवायला सुरुवात केली आणि काठ जुळत गेला. मधेच बाबांनी विचारलं, अगदी सहज, "श्रावण, मले तुहा माग येत होता. तुले माहं काही येत होतं का रे ऐकू?"

काका त्यांच्या बहिऱ्या बाजूला बसले होते, म्हणून त्यांनी धोटा खाली ठेवला, भावाकडे तोंड केलं आणि मोठ्यानं, आमच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही दादा. मले काहीच नाही आलं ऐकू. म्हणून तं माहा राग जाऊन नव्हता राहिला."